एकवीस दिव्यांची पाटी

रविवार, १० ऑगस्ट २०२५. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. गॅलरीत बसून आईच्या मिक्सरची वायर बदलत होतो, तेव्हा भालचंद्रकाकांचा फोन आला.

काका आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा फोन कानापासून लांब धरावा लागतो. मागच्या वर्षी गणपतीपुढे स्तोत्राची एकवीस आवर्तनं झाली, तेव्हा वीस झाली की एकवीस यावरून हॉलमध्ये दोन तट पडले. फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनानंतर म्हणायची असते. पुढच्या रांगांनी फलश्रुती धरली आणि मागच्यांनी पुन्हा स्तोत्र पहिल्यापासून सुरू केलं. कोणीच थांबेना. तो प्रकार काकांच्या फार जिव्हारी लागला आहे.

यंदा त्यांना एक पाटी हवी आहे. तिच्यावर एकवीस दिवे, आणि बटण दाबलं की उजेड एका दिव्यावरून पुढच्यावर जाईल. जे आवर्तन चालू असेल तो दिवा पेटलेला. शेवटच्या रांगेतूनही दिसला पाहिजे. मी लगेच हो म्हणालो.

मग काकांनी खरी गोष्ट सांगितली. आवर्तनांच्या दिवशी विलास पोंक्षे येणार आहेत. त्यांचा फरीदाबादला कारखाना आहे, तिथे बँका आणि दवाखान्यांत टोकनचे नंबर दाखवणारे बोर्ड बनतात. त्यांना बोर्ड जोडायला आणि तपासायला एक माणूस हवा आहे. "पाटी बघतील, माणूसही बघतील. जागा एकच आहे," काका म्हणाले.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला. गणितात दोनदा राहिलो. त्यानंतर मानेसरला गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होतो, ते कंत्राट मे महिन्यात संपलं. बाबा जानेवारीत निवृत्त होतील, मग क्वार्टर सोडायचं आणि नाशिकला जायचं. नाशिकला मी काय करणार, हे घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. ही जागा मला मिळालीच पाहिजे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मेट्रोने लाल किल्ल्याला उतरून लाजपतराय मार्केटला गेलो. मोजणाऱ्या दोन चिपा घेतल्या. या चिपेला दहा पाय असे असतात की एका वेळी एकाच पायावर वीज येते. प्रत्येक ठोक्याला ती पुढच्या पायावर सरकते. दहा आणि दहा वीस. एकविसाव्यासाठी काहीतरी करता येईल. दुकानदाराने विचारलं, दोनों को जोडोगे कैसे? मी म्हटलं, आता है.

येत नव्हतं. परत येताना फोनवर वाचलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज संध्याकाळी काकांनी अवनीला पाठवलं. मला न विचारता. म्हणाले, दोघं मिळून करा, लवकर होईल.

अवनी पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहते. तिचे वडील ऑडिटमध्ये आहेत. मी सोडला त्याच डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला ती आहे. दिल्लीतच वाढली, त्यामुळे तिला फलश्रुती म्हणजे काय हे मला सांगावं लागलं. ते सांगताना मला बरं वाटलं.

पण तिने माझा कागद पाहिला आणि म्हणाली, दोन चिपांत वीस होणार नाहीत. शेवटच्या पायावर दिवा लावायचाच नसतो. पहिली चिप तिथे पोहोचली की तिने स्वतः थांबायचं, आणि त्याच पायाने दुसरीला उठवायचं. दुसरीचा पहिला पाय आधीपासून पेटलेला असतो, म्हणून तोही सोडायचा. पहिली नऊ दिवे देते, मधली आठ. एकविसासाठी तीन चिपा लागतील. तिने पर्समधून तिसरी चिप आणि चिपा एकमेकींना जोडणारं गेट काढून टेबलावर ठेवलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलेलं, तिचं स्वतःचं.

मी म्हटलं, मला माहीत होतं. कागद जुना आहे.

कागदावर कालची तारीख होती. मी प्रत्येक कागदावर तारीख घालतो.

आईने तिला शिरा दिला. बाबा बाहेर आले आणि तिला विचारू लागले की चिपेत असतं काय. ती सांगत होती आणि ते मान हलवत होते. माझं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्यांनी कधी पान उलटलं नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

काल आणि आज पाटी जोडली. वायरिंग सुंदर झालं आहे, हे मी लिहितो कारण ते खरं आहे. लाल, पिवळ्या, काळ्या तारा वेगवेगळ्या बांधल्या. मानेसरला सुपरवायझर माझी लाइन नव्या मुलांना दाखवायचा.

मात्र दहाव्या दिव्यापाशी गडबड झाली. बटण दाबलं की दहावा आणि अकरावा एकदम पेटायचे. दुसरी चिप घाई करते असं माझ्या लक्षात आलं. म्हणून एका चिपेकडून पुढच्या चिपेकडे जायच्या दोन्ही जागी एकेक कपॅसिटर टाकला, म्हणजे पुढच्या चिपेला निरोप जरा उशिरा पोहोचेल. हा विचार पूर्णपणे माझा होता.

संध्याकाळी अवनी आली. म्हणाली, "सुधन्वा, हा कपॅसिटर कशाला? ते एकदमच व्हायला पाहिजे ना यार. तू शेवटच्या पायावरचा दिवा काढलेला नाहीस, म्हणून दोन दिसतात."

दिवा मी काढला. कपॅसिटर ठेवला. तो काढला असता तर पाटीवर माझं असं काय उरलं असतं? म्हटलं, त्याने बोर्ड स्थिर राहतो. तिने माझ्याकडे नाही, तारांच्या बांधणीकडे बघितलं आणि म्हणाली, मला हे असं कधीच जमत नाही. माझं सर्किट मॅगीसारखं दिसतं.

हे ती मुद्दाम म्हणाली. माझं काम हाताचं आणि तिचं डोक्याचं, असं तिला सुचवायचं होतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

एक गोष्ट सापडली आहे आणि ती फक्त मला माहीत आहे.

नवव्या दिव्यानंतर बटण दाबलं की पाटी पूर्ण अंधारी होते. पुन्हा दाबलं की दहावा पेटतो. सतराव्यानंतरही तसंच. म्हणजे या दोन ठिकाणी पटकन दोनदा दाबायचं, बस. दुसऱ्या कोणाच्या हातात बटण दिलं तर त्याला कळणार नाही आणि पाटी फसेल. आधी मला भीती वाटली. मग वाटलं, बरंच आहे. पोंक्षे विचारतील की चालवून कोण दाखवतो, तेव्हा चालवणारा एकच माणूस असेल.

रविवार, २४ ऑगस्ट

हॉलमध्ये रंगीत तालीम. बटण मी कोणाला दिलं नाही. नवव्याला दोनदा, सतराव्याला दोनदा, कोणाला कळलं नाही. अवनी माझ्या अंगठ्याकडे बघत होती असं मला एकदा वाटलं, पण ती मोबाइल बघत असावी.

पाटीच्या वरच्या पट्टीवर तिने रंगाने "आर्वतन" लिहून आणलं होतं. मी ते सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. रफार व-वर नाही, त-वर. तिने हसून ब्रश माझ्याकडे दिला आणि म्हणाली, बिल्कुल, हे डिपार्टमेंट तुझं. तिला लाज वाटायला हवी होती.

जाताना काकांच्या पत्नी, सुनंदाकाकू, चार बायकांना सांगत होत्या: ही बघा आमच्या अवनीची पाटी. अवनी तिथे नव्हती. असती तर तिने गोड हसून ऐकून घेतलं असतं, याची मला खात्री आहे.

घरी बाबांनी विचारलं, अवनीच्या कॉलेजात मधूनच प्रवेश मिळतो का. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. तिचंच कौतुक पुढे चालवायचं असेल.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आले. आरतीला अवनीला तबक दिलं. मला प्रसादाचे द्रोण.

रविवार, ३१ ऑगस्ट

नीट क्रमाने लिहितो.

साडेनऊला आवर्तनं सुरू झाली. हॉल भरलेला होता. पाटीच्या टेबलाशी मी आणि अवनी, बटण माझ्याकडे. सुनंदाकाकू गणपतीसमोर ताटात एकवीस दूर्वा घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक आवर्तनाला एक दूर्वा वाहायची, ही त्यांच्या घरची पद्धत. काका त्यांना आधी दोनदा म्हणाले होते की आता पाटी आहे, दूर्वा मोजायची गरज नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि ताट मांडीवर घेतलं.

पोंक्षे दुसऱ्या आवर्तनाला आले. पांढरा बुशशर्ट, साधा माणूस. ते गणपतीकडे कमी आणि पाटीकडे जास्त बघत होते. नवव्याला मी दोनदा दाबलं, दहावा पेटला. सगळं व्यवस्थित होतं.

पंधराव्याला त्यांनी हात करून बोलावलं. मला नाही, अवनीला. ती उठून गेली. दोघं खिडकीपाशी उभे राहिले. ती पाटीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती, ते विचारत होते, ती पुन्हा सांगत होती. एकदा दोघंही हसले. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. माझ्याबद्दल ती काय सांगत असेल? गणितात दोनदा राहिला हे तिला आईने सांगितलेलं आहे. सोळावं संपलं, सतरावं सुरू झालं, तरी ती तिथेच. सतरावं संपलं तेव्हाही मी तिकडेच बघत होतो. बटण दाबलं, आणि नेहमीप्रमाणे पुन्हा दाबलं. मला नक्की आठवतं, दोनदा दाबलं. अठराव्यात अवनी परत येऊन बसली.

पाटीवर एकविसावा दिवा पेटला. ते आवर्तन संपल्यावर सगळ्या हॉलने एका आवाजात फलश्रुती धरली. काकांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. पहिल्या रांगेत बाबा होते, तेही मागे वळून बघत होते. असं त्यांनी माझ्याकडे बऱ्याच वर्षांत बघितलेलं नाही.

फलश्रुती अर्धी झाली आणि सुनंदाकाकूंनी ताट वर धरलं. ताटात एक दूर्वा उरली होती.

हळूहळू आवाज थांबले. काका म्हणाले की मशीन चुकत नाही, तुझ्याच बावीस होत्या. काकू म्हणाल्या की चाळीस वर्षं दूर्वा निवडते आहे, तुमच्या मंत्रालयात मोजत असाल तसं नाही मोजत. लोक हसले, पण मागून कोणीतरी म्हणालं की मग पाटीच चुकली. पोंक्षे उठून टेबलाकडे आले. बाबा खाली बघू लागले.

मी दोनदाच दाबलं होतं.

तेव्हा अवनी उभी राहिली. "पाटी बरोबर आहे, काका. परत येऊन बसताना माझा हात बटणावर पडला आणि एक जास्त दाबलं गेलं. चूक माझी आहे. सॉरी."

ते खरं नव्हतं. तिचा हात बटणाला लागलेलाच नव्हता.

काकूंनी निकाल दिला की एकच तर राहिलंय, म्हणा पुन्हा. एक आवर्तन झालं, शेवटची दूर्वा वाहिली, फलश्रुती पहिल्यापासून झाली. नंतर खिचडीच्या रांगेत जो तो अवनीपाशी थांबून तिची थट्टा करत होता. माझ्यापाशी कोणी थांबलं नाही. चुकीचाही मान तिनेच घेतला.

सोमवार, १ सप्टेंबर

पाटी घरी आणली आणि सतराव्या दिव्यापाशी पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. पटकन दाबलं तर अंधार होतो आणि दुसऱ्यांदा दाबावं लागतं. पण अंगठा जरा जास्त वेळ दाबून धरला, तर निरोप उशिरा का होईना त्याच दाबण्यात पोहोचतो आणि अठरावा आपणहून पेटतो. मग मी सवयीने पुन्हा दाबलं की एकोणिसावा.

म्हणजे काल मी खिडकीकडे बघत असताना माझा अंगठा बटणावर राहिला होता.

दोन्ही कपॅसिटर काढले. आता पाटी एका दाबण्यात एक दिवा पुढे जाते, कुठेही अंधार होत नाही. दहाव्याला नाही, अठराव्याला नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिने हेच सांगितलं होतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

काकांचा फोन. पोंक्ष्यांनी जागा अवनीला द्यायचं ठरवलं आहे. काकांनी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "सर्किट जोडणारे मला रोज भेटतात. दीडशे लोकांसमोर उभं राहून माझी चूक म्हणणारी मुलगी पहिल्यांदा बघितली. बोर्ड चुकला की मला तसाच माणूस लागतो."

मी बरं म्हणालो.

ज्या चुकीसाठी तिला जागा मिळाली ती चूक माझी आहे. कपॅसिटर माझा, अंगठा माझा. तिचं त्यात काहीही नव्हतं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने, स्वरूपाकाकूंनी, दार उघडलं आणि चहा टाकते म्हणाल्या. मी बसलो नाही. अवनीला विचारलं, माझी चूक तू का घेतलीस.

ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली की दोनदा दाबतोस हे मला तालमीतच दिसलं होतं. सांगणार होते, पण कपॅसिटरचं सांगितलं तेव्हा तू इतका चिडलास, की म्हटलं चालू दे, चालतंय ना.

मी म्हटलं, त्याचं उत्तर हे नाही.

"तुझे बाबा समोर बसले होते," ती म्हणाली. "आणि मला कोणी काय बोलणार होतं यार? माझी चूक लोक विसरतात."

मी विचारलं, खिडकीपाशी पोंक्ष्यांना माझ्याबद्दल काय सांगत होतीस. म्हणाली, ते विचारत होते की एवढं साफ वायरिंग कोणी केलं.

यावर माझा विश्वास बसत नाही. इतकं चांगलं कोणी नसतं. आणि असलंच तर ते आणखी वाईट आहे. घरी चालत येताना सबंध रस्ता मी तिच्यावर चिडलेला होतो आणि कशासाठी ते मला सांगता आलं नसतं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सकाळी दहा वाजता पोंक्ष्यांना फोन केला. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं होतं. मी सांगितलं की त्या दिवशीची चूक अवनीची नाही, माझी आहे. पाटीत दोष होता, तो मला माहीत होता आणि मी लपवला. तिने ती चूक फुकट स्वतःच्या नावावर घेतली.

ते म्हणाले, "तुम्ही चूक कबूल करताय की परत मागताय?"

मी खरं सांगितलं. परत मागतोय.

ते मोठ्याने हसले. हसण्यात अपमान नव्हता, किंवा मला कळला नाही. दोष नेमका काय होता ते विचारलं आणि मी सांगत असताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी म्हणाले की अवनीला दिलेला शब्द ते मोडणार नाहीत, जागा तिची. पण तिचं सेमिस्टर डिसेंबरअखेर संपतं. तोपर्यंत टेबल रिकामं ठेवणं त्यांना परवडत नाही. मी सोमवारपासून यावं, पाटी घेऊन यावं, आणि जानेवारीत ती आली की सगळं काम तिच्या हातात नीट देऊन मोकळं व्हावं. त्यानंतरचं ते तेव्हा बघतील. मध्ये काही चुकलं तर त्याच दिवशी सांगायचं, एवढी एकच अट.

चार महिने तिची खुर्ची धरून बसायचं. मी हो म्हणालो.

बाबांना फक्त सोमवारपासून फरीदाबादला जातोय एवढंच सांगितलं. ते उठले, कपाटातून त्यांचा जुना डबा काढला आणि आईला म्हणाले, हा घासून ठेव.

रविवार, ७ सप्टेंबर

विसर्जन काल झालं. उद्या पहिला दिवस. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवली आहे. अवनीचा मेसेज आला की ऑल द बेस्ट, माझं टेबल घाण करू नकोस. उत्तर अजून दिलेलं नाही.

खर्च झालेला:
चिपा दोन, ४० रुपये.
दिवे एकवीस आणि तारा, २६५.
प्लायवूड आणि रंग, ३१०.
बटण, १५.
कपॅसिटर दोन, ४. वाया.
मेट्रो, जाऊन-येऊन, ८०.
एकूण ७१४. मंडळाकडून मिळाले ७००.

देणं:
बाबांचे, मेट्रो कार्डासाठी, ५००.
अवनीचे, एक चिप आणि एक गेट, ४५. ती घेत नाही म्हणते. घ्यायला लावीन.